सेरेंगेटीत कुंपण नसलेल्या तंबूत राहायचंय? महिना ठरवण्यापासून परतल्यावरच्या तापापर्यंत

सेरेंगेटीला जाणाऱ्या बऱ्याच मराठी कुटुंबांची तयारी उलट्या क्रमाने होते. आधी रजा, मग विमानाचं तिकीट, मग फोटो बघून आवडलेला कॅम्प. आणि पैसे भरून झाल्यावर प्रश्न पडतो, त्या महिन्यात त्या भागात वाइल्डबीस्टचे, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणांचे, कळप असतात का? तिथे पोहोचल्यावर दुसरी गल्लत होते. तंबूत पलंग, स्वच्छ चादरी आणि कमोड दिसला की हॉटेलात आल्यासारखं वाटतं आणि चिवड्याची पिशवी उशाशी ठेवली जाते.

टांझानियाच्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातल्या बहुतेक तंबूंच्या कॅम्पना कुंपण नाही. रात्री तरस, रानरेडे, हत्ती आणि कधी सिंहही तंबूंच्या मधून जातात. नियम पाळणाऱ्याला त्याचा त्रास सहसा होत नाही. म्हणून इथे सगळा भर क्रमावर आणि नियमांवर दिला आहे.

टप्पा १ : आधी महिना, मग भाग

उद्यानाचं क्षेत्रफळ सुमारे १४,७६३ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे पुणे जिल्ह्यापेक्षा थोडंच कमी. 'सेरेंगेटीत कॅम्प घेतलाय' एवढं सांगून त्यामुळे काहीच कळत नाही. वाइल्डबीस्टचे कळप वर्षभर पावसामागे फिरतात, आणि दक्षिणेतल्या कॅम्पवरून उत्तरेतली मारा नदी पाहून संध्याकाळी परत येता येत नाही.

आपल्याकडच्या सुट्ट्यांप्रमाणे हिशोब असा:

नाताळात कळप साधारण दक्षिणेच्या गवताळ मैदानावर, न्दुतूच्या आसपास असतात. पिल्लं पाहायची असतील तर मात्र जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा काळ धरा.

एप्रिल-मे हा तिथला मोठा पावसाळा. दक्षिणेतली काळी माती चिकट होते, गाड्या रुततात आणि बरेच हंगामी कॅम्प बंद असतात. मुलांच्या शाळेमुळे हीच सुट्टी हाताशी असेल, तर मेच्या सुरुवातीपेक्षा जूनचा पहिला पंधरवडा घ्या. तेव्हा पाऊस ओसरलेला असतो आणि कळप मध्य भागातून पश्चिमेकडच्या ग्रुमेती नदीच्या दिशेने सरकत असतात.

जुलै ते ऑक्टोबर कळप उत्तरेला, कोगातेंडेजवळ मारा नदीच्या दोन्ही बाजूंना असतात. दिवाळी ऑक्टोबरात आली तर उत्तर चालेल. नोव्हेंबरात आली तर छोटा पाऊस सुरू होऊन कळप दक्षिणेकडे वळतात, त्यामुळे मध्य भाग जास्त भरवशाचा.

मध्य भाग म्हणजे सेरोनेरा. इथे सिंह, बिबटे आणि चित्ते बाराही महिने असतात, कारण पाणी टिकतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मुक्कामाचा काही भाग सेरोनेराला ठेवावा असं माझं ठाम मत आहे. स्थलांतर चुकलं तरी सफारी वाया जात नाही.

*तपासा:* न्दुतूचा बराचसा परिसर सेरेंगेटीत नसून न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रात येतो. दोन्हींचं शुल्क वेगळं आहे. कॅम्प हद्दीच्या कोणत्या बाजूला आहे हे एजंटकडून लेखी घ्या.

टप्पा २ : कॅम्पचा प्रकार

'टेंटेड कॅम्प' या एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पक्क्या भिंतींची लॉज. एकाच जागी कायम उभा असलेला तंबूंचा कॅम्प. कळपांबरोबर जागा बदलणारा हंगामी कॅम्प. आणि उद्यानाच्या सार्वजनिक तळावर आपला छोटा तंबू ठोकून राहणं; सेरोनेराला न्यानी, पिंबी, तुंबिली हे असे तळ आहेत.

पहिल्या तीन प्रकारांत शौचालय बहुधा खोलीला किंवा तंबूला जोडून असतं. सार्वजनिक तळावर ते वेगळ्या इमारतीत असतं, आणि तळाला कुंपण नसतं. रात्री दोन-तीनदा उठावं लागणारं कोणी सोबत असेल, तर पैसे वाचवायला सार्वजनिक तळ घेऊ नका. या प्रवासात इतर कुठेही काटकसर करा, पण इथे नको.

पैसे भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न: शौचालय तंबूच्या आतच आहे का? गरम पाणी नळाला येतं की बादलीने? मुलांसाठी वयाची अट आहे का? आईवडील आणि मुलं एकाच तंबूत झोपू शकतात का, की मुलांना शेजारचा तंबू मिळेल? तंबूपासून जेवणाच्या जागेपर्यंत किती चालावं लागतं? गुडघे दुखणाऱ्यांसाठी जवळचा तंबू आधीच मागून ठेवता येतो, पोहोचल्यावर तो मिळेलच असं नाही.

टप्पा ३ : रात्री आणि रस्ता

सफारी जिथून सुरू होते त्या अरुशा शहराहून सेरोनेरा रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. अंतर ऐकून पाच तासांचा अंदाज बांधला जातो, प्रत्यक्षात थांबे धरून सात-आठ तास लागतात. वाटेतल्या करातू गावाच्या पुढे न्गोरोंगोरोच्या फाटकापर्यंत डांबरी रस्ता आहे, त्यानंतर खडबडीत कच्चा. कंबर दुखणाऱ्यांनी एक बाजू तरी छोट्या विमानाने करावी. सेरोनेरा, कोगातेंडे आणि न्दुतू इथे धावपट्ट्या आहेत.

एका भागात किमान दोन रात्री ठेवा, तीन असतील तर उत्तम. रोज कॅम्प बदलणारा कार्यक्रम कागदावर भरगच्च दिसतो, पण त्यात प्राण्यांची सगळ्यात जास्त हालचाल असते ती सकाळ बॅगा भरण्यात जाते.

उद्यानाचा प्रवेश परवाना २४ तासांच्या हिशोबाने असतो. आज दुपारी दोनला आत शिरलात, तर उद्या दुपारी दोनच्या आत बाहेर पडायचं; उशीर झाला तर आणखी एका दिवसाचे पैसे. हंगामात परदेशी प्रौढासाठी हा दर ७० डॉलर आणि त्यावर १८ टक्के व्हॅट आहे. परतीच्या दिवशी 'अजून एक चक्कर मारू' म्हणण्याआधी गाइडला परवान्याची वेळ विचारा. शुल्क रोखीने घेत नाहीत, ते एजंटमार्फत आधीच भरलेलं असावं.

*सावधान:* सेरेंगेटीतून निघून त्याच रात्रीचं मुंबईचं विमान गाठायचा बेत करू नका. छोट्या विमानांच्या वेळा बदलतात आणि पावसात रस्ता अडतो. शेवटची रात्र अरुशात काढा.

टप्पा ४ : कागद, लस, गोळ्या

व्हिसा टांझानियाच्या इमिग्रेशन खात्याच्या सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. साधा एकेरी प्रवेशाचा व्हिसा ५० डॉलरचा आहे. तसंच दिसणारी खासगी संकेतस्थळं जास्त पैसे घेतात. केनिया, युगांडा आणि रवांडासाठी मिळणारा 'ईस्ट आफ्रिका' व्हिसा टांझानियात चालत नाही. केनियातलं मसाई मारा आणि सेरेंगेटी एकाच सहलीत करणाऱ्यांची इथे हमखास चूक होते.

पिवळ्या तापाची लस: मुंबईहून जाणारे बरेच मार्ग नैरोबी किंवा अदिस अबाबावरून जातात, आणि केनिया व इथिओपिया दोन्ही पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. अशा देशात बारा तासांपेक्षा जास्त थांबून आलात तर टांझानिया प्रमाणपत्र मागतं. भारतात परतताना प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात आणि ते आयुष्यभर चालतं. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तिथे नंबर लावावा लागतो, म्हणून दीड-दोन महिने आधी चौकशी करा. साठीच्या पुढच्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्यांनी लस घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे घ्या. परतल्यावर गोळ्या सोडून देणं ही सगळ्यात नेहमीची चूक. डॉक्सिसायक्लिन परतल्यानंतर चार आठवडे घ्यायची असते, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस.

प्रवास विम्यात विमानाने दवाखान्यात हलवण्याचा खर्च धरलेला असावा. उद्यानात मोठं रुग्णालय नाही. अम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्सची हवाई रुग्णसेवा नैरोबीहून चालते. तुमच्या कॅम्पने तिचं संरक्षण घेतलं आहे का, ते विचारून ठेवा.

टप्पा ५ : बॅग

छोट्या विमानात बहुधा एकूण १५ किलोच सामान चालतं, हातातली पिशवी आणि कॅमेरा धरून. बॅग मऊ कापडाची हवी. चाकांची कडक सूटकेस विमानाच्या पोटातल्या कप्प्यात बसत नाही. जास्तीचं सामान अरुशातल्या हॉटेलात ठेवा.

कपडे खाकी, मातकट किंवा फिकट हिरवे. गडद निळा आणि काळा टाळा, कारण त्सेत्से माश्या याच रंगांकडे झेपावतात. पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या झाडीत त्यांचा चावा कपड्यांतूनही लागतो. लष्करी छापाचे कपडे अजिबात नकोत.

'आफ्रिका म्हणजे उकाडा' असं धरून लोक स्वेटर घरी ठेवतात. सेरोनेरा सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वरहूनही वर. पहाटे छप्पर उघडलेल्या गाडीत जून ते ऑगस्टमध्ये दात वाजतात. जाड जॅकेट, कानटोपी आणि मफलर प्रत्येकाला लागतो. दुपारी तोच मफलर ओला करून धुळीपासून नाक झाकायला येतो.

टांझानियात १ जून २०१९पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. साबण-शाम्पूसाठीच्या चेनच्या पारदर्शक पिशव्या चालतात, पण त्या परत न्यायच्या. आपल्याला प्रत्येक वस्तू पिशवीत गुंडाळायची सवय असते. कापडी थैल्या वापरा.

आणखी काही: डोक्याला लावायची बॅटरी, प्रत्येकाची वेगळी. दुर्बीण, जमलं तर प्रत्येकाची वेगळी. चौकोनी तीन पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा अ‍ॅडॅप्टर. डासांचं मलम. आणि एक घडीचा मग, कारण शौचालयात बहुधा फक्त कागद असतो. हे कोणी एजंट सांगत नाही आणि वयस्कर मंडळींची तिथे फार कुचंबणा होते. ड्रोन नेऊ नका, परवानगीशिवाय उद्यानात त्याला बंदी आहे.

टप्पा ६ : जेवणाचं आधी सांगणं

कॅम्पचं वाणसामान अरुशाहून येतं. संध्याकाळी पोहोचून 'आम्ही शाकाहारी' म्हणालात, तर आचाऱ्याला हाताशी असलेल्या भाज्यांवरच निभवावं लागतं. दोन आठवडे आधी लेखी कळवा आणि नुसतं 'शाकाहारी' लिहू नका. अंडं चालतं का, मासे नकोत, कोंबडीच्या पाण्यातलं सूप नको, जैन असाल तर कांदा-लसूण-बटाटा नको, असं सुटं सुटं लिहा. उपवासाच्या तारखाही कळवा. डाळ, भात आणि चपाती पूर्व आफ्रिकेत रुळलेले पदार्थ आहेत, आधी कळवलं तर जेवण चांगलं मिळतं. सकाळच्या सफारीला डबा बरोबर देतात. त्यातही तेच पाळलं जाईल ना, हे वेगळं विचारा.

टप्पा ७ : कॅम्पवरचा पहिला तास

पोहोचल्याबरोबर कॅम्पचे लोक नियम समजावून सांगतात. घरातल्या सगळ्यांनी, मुलांसकट, ते ऐकायचे. एकाने ऐकून बाकीच्यांना सांगणं इथे चालत नाही. तासाभरात या क्रमाने कामं उरका:

१. मदत कशी मागायची ते विचारा: शिट्टी, वॉकीटॉकी की भोंगा. तो हातात घेऊन चालवून बघा.

२. घरून आणलेला सगळा खाऊ जेवणाच्या तंबूत जमा करा. भाकरवडी, लाडू, फळं, च्युइंगगम, गोड वासाची गोळीसुद्धा. हत्तीला फळांचा वास दुरून येतो आणि माकडं चेन उघडतात. खाऊसाठी तंबू फाटला तर त्या रात्री धोका तुम्हालाच नाही, शेजाऱ्यांनाही असतो. आणि एकदा तंबूत खाणं मिळालेलं जनावर पुन्हा येतं. अशा जनावराला पुढे गोळी घालावी लागू शकते. आपल्या चिवड्यापायी असं होऊ नये.

३. तंबूच्या सगळ्या चेन वरपासून खालपर्यंत लावून-उघडून बघा. अडकत असेल तर उजेडातच सांगा.

४. इन्सुलिन असेल तर जेवणाच्या तंबूतल्या फ्रिजमध्ये ठेवायला द्या. रात्री श्वासाचं यंत्र लावून झोपणाऱ्यांनी विजेचं आधीच ठरवलेलं असलं पाहिजे, कारण बरेच कॅम्प सौर विजेवर चालतात.

५. अंघोळीची वेळ सांगा. हंगामी कॅम्पमध्ये माणूस गरम पाणी आणून तंबूमागे टांगलेल्या बादलीत ओततो. साधारण वीस लिटर. अंग ओलं करा, तोटी बंद, साबण, मग तोटी चालू. पाणी वाहतं ठेवलं तर डोक्याला फेस तसाच राहतो.

*तपासा:* नळाचं पाणी प्यायचं नाही, दात घासायलाही बाटलीतलंच. धुण्यात अंतर्वस्त्रं बऱ्याच कॅम्पमध्ये घेत नाहीत, ती आपली आपण धुवायची.

टप्पा ८ : अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत

विषुववृत्त जवळ असल्याने संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो. साडेसहा-पावणेसातला सूर्य मावळला की बघता बघता काळोख होतो. तेव्हापासून तंबूबाहेर एक पाऊलही अस्कारीशिवाय, म्हणजे पहारेकऱ्याशिवाय, टाकायचं नाही. जेवायला जाताना तो न्यायला येतो, परतताना पोहोचवतो. जेवणाचा तंबू वीस पावलांवर दिसत असला तरी हाच नियम. तुम्हाला जो झुडपाचा काळा ठिपका वाटतो तो बसलेला रानरेडा असू शकतो, आणि पहारेकऱ्याला ते डोळ्यांच्या चमकेवरून कळतं. चालताना त्याच्या मागे राहा, हळू बोला, मुलांचा हात धरा.

तंबूत शिरल्यावर आधी चेन लावा, मग दिवा. बूट, ओले कपडे, टोप्या सगळं आत घ्या. बाहेर ठेवलेले बूट तरस उचलून नेतात. उशाजवळ बॅटरी, पाण्याची बाटली, रात्रीची औषधं आणि शिट्टी ठेवा. थंडीत पांघरुणात काही गरम, मऊ हाताला लागलं तर दचकू नका, ती कॅम्पने ठेवलेली गरम पाण्याची पिशवी असते.

मग आवाज सुरू होतात. तरसाची वर चढत जाणारी हाक, कापडालगत गवत उपटण्याचा आवाज, सिंहाची डरकाळी. डरकाळी आठ किलोमीटरवरूनही ऐकू येते, त्यामुळे ती आली म्हणजे सिंह दारात आला असं नाही. बंद तंबू जनावरांना एक भरीव वस्तू वाटतो आणि ती वळसा घालून जातात. आतल्या माणसाचं काम एकच, आत राहणं. चेन किंचित उघडून मोबाइल बाहेर काढणं, जाळीतून बॅटरीचा झोत मारणं, शेजारच्या तंबूतल्या भावाला मोठ्याने हाक मारणं, यातलं काहीही करायचं नाही. मूल घाबरलं तर त्याला आपल्या पलंगावर घ्या, पण तंबू बदलायला बाहेर पडू नका.

मदतीची शिट्टी कधी वाजवायची? कोणी आजारी पडलं, आग दिसली किंवा जनावर खरोखर तंबू ओढू लागलं तर. नुसतं जवळ चरत असेल तर नाही.

सार्वजनिक तळावर असाल तर शौचालयाचं काम झोपण्यापूर्वी, आचारी आणि गाइड जागे असताना, सगळ्यांनी एकत्र जाऊन उरका. रात्री जावंच लागलं तर काय करायचं, हे गाइडबरोबर संध्याकाळीच ठरवा. काही जण तंबूत घट्ट झाकणाचं भांडं ठेवतात. तेच शहाणपणाचं आहे.

पहाटे बाहेरून 'होदी', म्हणजे 'येऊ का?', अशी हाक येते. 'करिबू', म्हणजे 'या', म्हणा, चहा-कॉफी येते. ती हाक येईपर्यंत, उजाडलं असं वाटलं तरी, चेन उघडू नका. बूट झटकून मगच घाला.

*सावधान:* स्वाहिली घड्याळ सकाळी सहापासून मोजतात, आपले सात म्हणजे त्यांचा एक. पर्यटकांशी बोलताना कर्मचारी सहसा आपलीच पद्धत वापरतात, तरी उठवण्याची वेळ घड्याळावर बोट ठेवून पक्की करा.

टप्पा ९ : गाडीतला दिवस

रस्ता सोडून गाडी घालायला सेरेंगेटीत सर्वसाधारणपणे परवानगी नाही. चित्ता थोडा लांब बसलाय म्हणून गाइडला 'जरा पुढे घ्या, बक्षीस देऊ' म्हणणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणं आहे; दंड आणि कारवाई त्याच्यावर होते. गाडीतून फक्त ठरलेल्या जागी उतरायचं. जुलै २०२५ मध्ये कोगातेंडेजवळ पर्यटक गाड्यांतून उतरून मारा नदीच्या काठावर उभे राहिले आणि पाण्यात उतरणाऱ्या वाइल्डबीस्टची वाट अडली. मगरींच्या नदीतून आलेल्या थकल्या जनावराला काठावर वाट मिळाली नाही तर ते परत पाण्यात जातं.

लघुशंकेची गरज ताणून धरू नका, गाइडला सरळ सांगा. तो सुरक्षित जागा पाहून थांबवतो. थांबावं लागू नये म्हणून पाणी कमी पिणं हा बायकांकडून वारंवार होणारा प्रकार आहे, आणि दुपारपर्यंत डोकं दुखायला लागतं ते त्यामुळेच.

टप्पा १० : निघताना आणि परतल्यावर

चार्जर जेवणाच्या तंबूत राहतात, औषधं फ्रिजमध्ये. दोन्ही आठवणीने घ्या. वापरलेले सेल आणि प्लॅस्टिक उद्यानात टाकू नका, परत आणा. कॅम्पच्या कर्मचाऱ्यांसाठीची बक्षिसी सामायिक पेटीत टाका, म्हणजे पाणी वाहणाऱ्या आणि रात्रभर जागणाऱ्या माणसालाही ती मिळते. गाइडला वेगळी, शेवटच्या दिवशी हातात द्या. अरुशातच शिलिंगच्या सुट्या नोटा करून घ्या. जुने किंवा फाटके डॉलर कोणी घेत नाही.

परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला, तर 'व्हायरल असेल' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, टांझानियाला गेल्याचं त्यांनी विचारायच्या आधी सांगा आणि मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या. प्रतिबंधक गोळ्या पूर्ण घेतल्या असल्या तरीही.